डायमॉक्स नंतर, आधी आयटिनररी दाखवा

एप्रिल लागला की गोव्यात फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते, त्यात आजारी कोणीच नसतं. अख्खं कुटुंब येतं, सुट्टीचे बेत ठरलेले असतात, मोपा विमानतळावरून दिल्लीची तिकिटं काढून झालेली, पुढे दिल्लीहून पहाटेचं लेहचं विमान, आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, "डॉक्टर, लडाखाक वतात आमी, ती गोळी जाय." जाय म्हणजे हवी, आणि ती गोळी म्हणजे डायमॉक्स, उंचीवरचा त्रास टाळायची. बऱ्याच जणांनी ती फार्मसीतून आधीच आणलेली असते, मला फक्त कितीची आणि कधी घ्यायची एवढंच विचारायचं असतं, दोन मिनिटांचं काम समजून आलेले असतात.

मी बीपी वगैरे बघतोच, पण त्याआधी मोबाईल मागतो. टूरवाल्याने व्हॉट्सॅपवर जी पीडीएफ पाठवलीय ना ती उघडा म्हणतो. लोकांना वाटतं डॉक्टरला पण फिरायला जायचंय म्हणून रेट बघतोय. पण खरं सांगायचं तर उंचीवरचा आजार बहुतेक वेळा त्या पीडीएफमध्येच तारीखवार लिहून ठेवलेला असतो, तो वाचायला स्टेथोस्कोप लागत नाही.

परवाचीच एक बघा. पहिला दिवस: लेहला आगमन, फ्रेश होऊन शांती स्तूप आणि मार्केट. दुसरा दिवस: खारदुंग ला मार्गे नुब्रा, उंटाची सफर. तिसरा दिवस: श्योक मार्गे पँगाँग, तंबूत मुक्काम, बोनफायर. चौथा दिवस: चांग ला मार्गे लेह. पाचव्या दिवशी घरी. मी पेन घेऊन प्रत्येक मुक्कामापुढे आकडा लिहिला, फोंडा जवळपास समुद्रसपाटी, लेह ३५०० मीटर, नुब्रातलं मुक्कामाचं गाव हुंडर ३१०० च्या आसपास, पँगाँग ४२५०. आणि मधले घाट वेगळे, खारदुंग ला ५३५९, चांग ला पण साधारण तेवढाच. (खारदुंग लाच्या त्या प्रसिद्ध बोर्डवर १८,३८० फूट लिहिलंय, खरी उंची साडेसतरा हजाराच्या जरा वर आहे, पण फोटो मात्र सगळे बोर्डाखालीच काढतात.) आपल्या गोव्यातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे सत्तरीतला सोसोगड, तो साडेअकराशे मीटरच्या आसपास. आपण बेळगावला जाताना चोर्ला घाट चढलो तरी कान जरा बंद होतात तेवढंच. हा आजार साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, म्हणजे आपल्या शरीराला त्याची कधी ओळखच झालेली नसते.

नियम साधा आहे आणि जगभर हाच सांगतात: ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर हजार मीटरमागे एक रात्र जास्तीची त्याच ठिकाणी काढायची. झोपायची उंची, हे महत्त्वाचं. दिवसा घाट चढून पलीकडे खाली उतरलात तर शरीर बऱ्यापैकी निभावून नेतं, रात्र कुठे काढता त्यावर गणित ठरतं. आता वरची पीडीएफ परत वाचा. शून्यावरून थेट ३५०० वर पहिली रात्र, आणि तिसऱ्या दिवशी ३१०० वरून ४२५० वर, एका उडीत साडेअकराशे मीटर. म्हणजे अख्खा सोसोगड एका दुपारी चढून त्याच्या टोकावर झोपायचं, आणि तेही ३१०० मीटरच्या वर.

आता हे का होतं, ते थोडक्यात सांगतो, कारण "वर ऑक्सिजन कमी असतो" हे सगळ्यांना माहीत असतं पण कसा कमी हे नाही. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, लेहला पण आणि मिरामारच्या किनाऱ्यावर पण. कमी होतो तो हवेचा दाब. फोंड्यातून नेलेलं चिवड्याचं सीलबंद पाकीट लेहला बॅगेतून काढलं की टरारून फुगलेलं असतं, त्याच्या आत आपली गोव्याची हवा आहे आणि बाहेरचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या साधारण ६५ टक्के. खारदुंग लावर तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे कण कमी. मग शरीर काय करतं, तर जोरात श्वास घेतं. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलाइन होतं, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र म्हणतं थांबा, एवढा श्वास नको. इकडे ऑक्सिजन हवाय म्हणून ॲक्सिलरेटर आणि तिकडे ब्रेक. रात्री झोपेत तर श्वास भराभरा चालतो मग काही सेकंद थांबतो मग दचकून परत सुरू होतो, शेजारी झोपलेली बायको घाबरून उठवते, अहो श्वास घेताय ना? हा प्रकार उंचीवर अगदी नॉर्मल आहे. किडन्या दोन-तीन दिवसांत लघवीतून बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला अल्कलाइन क्षार, बाहेर टाकून तो ब्रेक सोडवतात. त्या दोन-तीन दिवसांची वाट बघणं म्हणजेच ॲक्लमटायझेशन, बाकी त्यात काही जादू नाही.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, नेमकं हेच काम जरा लवकर करून देते. किडनीला बायकार्बोनेट टाकायला लावते, ब्रेक सुटतो, रात्रीचा श्वास सुधारतो. म्हणजे ती गोळी लक्षणं झाकत नाही, खरोखर जुळवून घ्यायला मदत करते, म्हणून मला ती आवडते. मोठ्या माणसाला आजार टाळण्यासाठी १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पुरते, बाजारात २५० ची मिळते ती अर्धी करायची. चढायच्या आदल्या दिवशी सुरू, म्हणजे लेहचं पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशी गोव्यातच किंवा दिल्लीत, आणि वर पोचल्यावर दोन दिवस, पुढे अजून वर झोपायचं असेल तर आणखी. लेहला उतरून डोकं धरल्यावर पहिली गोळी शोधणारे असतात, तेव्हा ती टाळायला उशीर झालेला असतो, मग उपचार म्हणून २५० दोनदा द्यावी लागते. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, आणि सोडा-कोल्ड्रिंक एकदम मचूळ लागतं. एका पेशंटने लेहहून खास फोन करून सांगितलं की डॉक्टर इथली बिअर खराब आहे. बिअर चांगलीच होती, गोळीमुळे जिभेला फसफस कळत नाही. आणि मुळात पहिल्या दोन दिवसांत बिअर कोणी प्यायला सांगितली होती, दारू आणि झोपेची गोळी दोन्ही रात्रीचा श्वास आणखी मंद करतात. सल्फाची मोठी ॲलर्जी, किडनीचे खडे, गरोदरपण यात विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. आणि शक्यतो जायच्या आधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघावी, मुंग्या आल्या की निदान पॅरालिसिस आला म्हणून तिकडे गोंधळ होत नाही.

पण गोळी घेतली म्हणजे वाटेल तशी पीडीएफ चालेल असं नाही. आपल्या लष्कराचं बघा. १९६२ च्या युद्धाच्या वेळी हजारो जवान सपाटीवरून थेट उंचावर नेले गेले, ११ हजार ते १८ हजार फुटांवर, आणि त्यातून इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. उंचीच्या आजारावर जगात कुठेही वाचा, तो पेपर पुढे येतोच. आज लष्कर काय करतं, तर ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, मग १२ ते १५ हजारांवर चार दिवस, मग त्याच्या वर आणखी चार. तरुण, ट्रेनिंग घेतलेले जवान, त्यांना सहा दिवस, आणि आपले म्हापशाचे काका दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग लावर भज्या खात उभे. लेहला पहिले ४८ तास आराम करा हे तिकडचे लोक पण घसा सुकवून सांगतात, पण चार रात्रींच्या पॅकेजमध्ये ४८ तास बसवायचे कुठे.

आता निदानाकडे येतो, एक फोन आला होता त्यावरूनच सांगतो, म्हणजे कळेल.

इथलंच एक कुटुंब, आई-बाबा, कॉलेजातला मुलगा आणि आजी. जायच्या आधी माझ्याकडे आले होते, मी पँगाँगच्या आधी लेहला दोन रात्री वाढवायला सांगितलं, टूरवाला म्हणाला हॉटेलं बुक झालीत काही होत नाही सर आम्ही दर आठवड्याला ग्रुप नेतो. आजीची सगळ्यांना काळजी होती. मुलगा फुटबॉल खेळणारा, तालुक्याच्या टीममध्ये, तो म्हणाला मला गोळीबिळी नको, माझा स्टॅमिना चांगलाय. स्टॅमिन्याचा आणि या आजाराचा काही संबंध नाही हो. उलट तरुण पोरं भराभर चढतात, डोकं दुखलं तरी सांगत नाहीत कारण दुसऱ्या दिवशी बाइक चालवायची असते, म्हणून जास्त सापडतात. आजी बिचाऱ्या हळूहळू चालतात, भूक नसली तर सांगतात, दमल्या की बसतात, त्यांचं सगळं आपोआप नियमात होतं.

रात्री उशिरा पँगाँगच्या कॅम्पवरून बाबांचा व्हॉट्सॅप कॉल. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं लडाखात चालत नाहीत, हे पण आधी सांगावं लागतं, यांच्यात एकट्या बाबांचं पोस्टपेड होतं. "डॉक्टर, ह्याचं डोकं फुटतंय, दोनदा ओकला, आणि सॅच्युरेशन ७८ दाखवतंय."

मी आकड्याला घाबरलो नाही, आधी विचारलं की तुमचं स्वतःचं किती? ते म्हणाले ८३. आजींचं ८४. म्हणजे त्या उंचीवर सगळ्यांचंच खाली होतं, आणि थंड बोटांवर ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र काहीबाही दाखवतं, हात चोळून गरम करून परत लावा म्हटलं तर मुलाचं ८१ झालं. घरातल्या इतरांपेक्षा खूपच खाली असेल तर मात्र कान टवकारायचे. नुसत्या आकड्यावर निदान करू नका, माणसाकडे बघा.

मग प्रश्न. काल कुठे झोपलात? (हुंडर.) डोकं कधीपासून? (संध्याकाळपासून, इथे पोचल्यावर चार-पाच तासांनी.) लेहला दुखलं होतं का? इथे मुलगा गप्प, मागून आई म्हणाली, "दुखलं होतं, पण सांगू नको म्हणाला." जेवण? नाही. चक्कर? थोडी. थकवा? उठवत नाही. डॉक्टर लोक याला लेक लुईस स्कोअर लावतात, डोकेदुखी, मळमळ-ओकारी, थकवा, चक्कर, चारांना प्रत्येकी शून्य ते तीन मार्क, डोकेदुखी असलीच पाहिजे आणि एकूण तीन किंवा जास्त झाले की एएमएस म्हणजे ॲक्यूट माउंटन सिकनेस. आधी त्यात झोपेचे पण मार्क होते, २०१८ साली काढून टाकले, उंचीवर झोप सगळ्यांचीच बिघडते म्हणून. मला स्वतःला सगळ्यात कामाचा प्रश्न वाटतो तो म्हणजे "जेवलास का?" आपल्या गोंयकाराची भूक गेली म्हणजे काहीतरी आहे. लहान मुलांत तर हेच बघायचं, ते डोकं दुखतंय सांगत नाहीत, चिडचिड करतात, खात नाहीत, खेळत नाहीत.

पण एएमएस आहे हे कळून माझं काम झालं नव्हतं, कारण एएमएसने माणूस मरत नाही. मारतात ते पुढचे दोन, मेंदूला सूज येणं म्हणजे हेस आणि फुप्फुसात पाणी होणं म्हणजे हेप. ते आहेत का नाहीत हे त्या रात्री ठरवायचं होतं, तेही फोनवर.

मेंदूसाठी टेस्ट एकदम सोपी आहे आणि प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी आहे. सरळ रेषेत टाचेला पुढच्या पायाचा अंगठा लावत चालायचं, दहा-बारा पावलं, मग वळून परत. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तंबूत कार्पेटच्या कडेची शिवण होती तीच रेघ. आधी बाबांना चालवलं, मुद्दाम, कारण जमीनच उतरती असेल किंवा कार्पेट गुंडाळत असेल तर सगळेच डोलतील. बाबा नीट चालले. मग मुलगा, बूट काढून, हात कमरेवर. तोंड पांढरंफटक होतं पण पाऊल बाहेर पडलं नाही, वळताना पण नाही. मग उगाच विचारल्यासारखं करून विचारलं, परवा मॅच कोणाची होती, स्कोअर काय. वैतागून पण बरोबर सांगितलं. चालण्यात झोकांडी नाही, बोलण्यात गोंधळ नाही, म्हणजे त्या क्षणी हेस नाही. तो दारू प्यायल्यासारखा चालला असता, किंवा भलतंच बोलला असता, किंवा नुसता झोपून राहून "मला सोडा" म्हणाला असता तर विषय वेगळा, मग सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची. तेव्हा डेक्सामेथासोन, पहिला डोस ८ मिलिग्रॅम आणि मग दर सहा तासांनी ४, ऑक्सिजन, आणि खाली. डेक्सा सूज उतरवतं, माणूस तासाभरात बरा दिसायला लागतो, आणि मग मंडळी म्हणतात आता बरा आहे तर पुढे जाऊया. ते औषध शरीराला उंचीची सवय लावत नाही, फक्त उतरण्याएवढा वेळ मिळवून देतं.

फुप्फुसासाठी त्याला आडवा झोपवून पाच मिनिटं फोन छातीजवळ धरायला सांगितला. आडवं झाल्यावर दम लागतोय का, श्वास मिनिटाला किती, खोकला आहे का. नव्हतं काही. हेपचं कसं असतं, तो बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या रात्री येतो आणि डोकेदुखीशिवाय पण येऊ शकतो, म्हणून फसवतो. काल सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस आज अचानक मागे पडतो. कोरडा खोकला, "धूळ लागली" म्हणतात. मग बसल्या जागी दम, ओठ निळसर, छातीत बुडबुड, शेवटी गुलाबी फेस. थोडा ताप पण असतो, त्यामुळे न्यूमोनिया समजून ॲंटिबायोटिक देऊन वर ठेवलेले पेशंट असतात. जुन्या काळी पण असंच व्हायचं, अमेरिकेतल्या चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० साली लिहून दाखवेपर्यंत धडधाकट माणसांचं हे पाणी न्यूमोनिया किंवा हार्ट फेल म्हणूनच नोंदलं जायचं. हेप असेल तर ऑक्सिजन, ऊब, आणि खाली नेणं, तेही चालवत नाही, गाडीतून किंवा उचलून, कारण श्रमाने फुप्फुसातला दाब आणखी वाढतो. ऑक्सिजन नसेल, उतरता येत नसेल तर निफेडिपिन, ३० मिलिग्रॅमची हळू सुटणारी गोळी बारा तासांनी, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब कमी करायला.

मुलाला दोन्ही नव्हतं. मग कॅम्पवाल्याकडचा सिलिंडर मागवला, मिनिटाला दोन लिटर, उलटीची गोळी, पॅरासिटामॉल, आणि थोड्या वेळाने डायमॉक्स २५०. अर्ध्या तासात डोकं निम्मं उतरलं. हे पण एक प्रकारे निदानच, ऑक्सिजनने भराभर उतरणारी डोकेदुखी उंचीची असते, साधी मायग्रेन एवढं ऐकत नाही. रात्रभर कोणीतरी जागं राहा, दर दोन तासांनी उठवून चालवा, पाय अडखळला तर फोन करा. दुसऱ्या दिवशी हानलेचा प्लॅन होता तो कटाप.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, मला या रस्त्यामुळेच पँगाँगची रात्र खटकते. उंचीच्या आजारावर एक नंबरचं औषध म्हणजे उतरणं, तीनशे ते हजार मीटर उतरलात तरी फरक कळतो. पण पँगाँगहून लेहला यायचं म्हणजे आधी चांग ला चढायचा, ५३०० च्या वर! खाली यायला हजार मीटर वर जायचं. म्हणून यांना आधी तांगत्सेला उतरवलं, ते तळ्यापेक्षा तीनेकशे मीटर खाली आहे आणि तिथे सरकारी दवाखाना आहे, आणि तिथून श्योकच्या रस्त्याने परत नुब्राला. दुपारी मुलाने मॅगी मागितली. टूर बुक करताना "इथून आजारी पडलो तर उतरायचं कुठून" हा प्रश्न विचारा, उत्तर न देणारा टूरवाला असेल तर दुसरा बघा. मनालीवरून बाइकने जाणाऱ्यांची अशीच एक जागा म्हणजे सरचू, ४२०० च्या वर, दोन्ही बाजूंना आणखी उंच घाट, आणि पहिल्या-दुसऱ्याच रात्री तिथे मुक्काम टाकतात. त्यापेक्षा वेळ असेल तर श्रीनगरवरून जावं, श्रीनगर १६०० च्या जरा खाली, कारगिल २७०० च्या आसपास, मग लेह. पायरी पायरीने. दोन दिवस जातात म्हणून लोक नको म्हणतात, पण ते दोन दिवस नंतर हॉटेलच्या खोलीत डोकं धरून जातातच की.

एक वेगळी गोष्ट पण ध्यानात ठेवा. एकाच तंबूतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, आत बुखारी म्हणजे शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद दारं करून चालू आहे, तर आधी दार उघडा आणि बाहेर या. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्यात ते बोटाचं यंत्र मस्त ९५ वगैरे दाखवत राहतं. डायबेटिसवाल्यांची साखर उतरली तरी असंच झोकांड्या, गोंधळ होतो, म्हणून ग्लुकोमीटर सोबत न्या. बाकी उंचीवर गेल्यावर काहीही झालं तर ते उंचीमुळेच, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, असं धरून चालायचं.

घरगुती उपायांचं विचारतात सगळेच. भीमसेनी कापूर रुमालात बांधून हुंगायचा, मोपावरच सुरू करतात काहीजण. नाकाला थंड वाटतं, मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. हुंगा हवं तर, फक्त लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर विष आहे. होमिओपॅथीच्या कोका ३० च्या गोळ्या, लसूण, यांचा भरवशाचा पुरावा नाही. पाणी भरपूर प्या हे पण जरा ताणलं जातं, तहान भागेल आणि लघवी फिकट होईल एवढं पुरे, पाच-सहा लिटर ढोसून सोडियम उतरवून घेऊ नका. आणि ते ऑक्सिजनचे स्प्रे-कॅन, ज्यात दहा-बारा लिटर असतो म्हणे, मिनिटाला दोन लिटरने सोडला तर पाच-सहा मिनिटांत खलास. फोटोपुरतं ठीक आहे.

लडाखचंच जास्त बोललो, पण आपल्याकडचे वयस्कर लोक जातात ते केदारनाथला, आणि तिथे मला जास्त भीती वाटते. गौरीकुंड २००० मीटरच्या आसपास, मंदिर ३५८३. चालत गेलात तर एका दिवसात दीड हजार मीटर, हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. त्यात उपवास, थंडी, रांगेत उभं राहणं, हार्टच्या गोळ्या हॉटेलात विसरलेल्या. यांच्यासाठी माझा एकच हट्ट असतो, वर मुक्काम करू नका, दर्शन घ्या आणि त्याच दिवशी खाली या. हार्ट फेल, फुप्फुसाचा जुना आजार, सिकल सेल हा रक्ताचा आजार, हल्लीच ॲंजिओप्लास्टी झालेली, अशांनी तर आधी नीट तपासून घ्या, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात किंवा तुमच्या नेहमीच्या कार्डिओलॉजिस्टकडे, देव कुठे पळून जात नाही. नुसतं बीपी आहे आणि गोळीने कंट्रोलमध्ये आहे, तर जायला हरकत नसते, गोळ्या चालू ठेवायच्या आणि दोन्ही बॅगांत वाटून ठेवायच्या.

आणि एकदा हेप झालेला माणूस परत तेवढ्याच वेगाने वर गेला तर त्याला परत होण्याची शक्यता बरीच असते, ते शरीराच्या घडणीतच असतं. त्यांना परत जाऊच नका असं मी म्हणत नाही, पण जायचं तर खूप हळू, आणि आधीपासून निफेडिपिन.

तो फुटबॉलवाला पोरगा चवथ (गणपती) झाल्यावर आला होता, आता त्याला एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय मित्रांबरोबर. यावेळी स्वतःच प्रिंट काढून आणली, मुक्कामाच्या उंच्या त्यानेच पेन्सिलने लिहिलेल्या. लुक्ला २८६०, फाकडिंग २६१०, नामचे ३४४० दोन रात्री, तेंगबोचे ३८६०, डिंगबोचे ४४१० दोन रात्री, लोबुचे ४९४०, मग गोरक्षेप ५१६४. विमानाने लेह गाठण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे, पायी चालत जात असल्यामुळे आपोआप, आणि वाटेत फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना पण आहे. लोबुचेच्या आधी एक रात्र वाढव म्हटलं. तर म्हणाला ग्रुपमधल्या दोघांची रजा तेवढीच आहे. मग त्या दोघांना पण घेऊन ये म्हटलं, बुकिंग करायच्या आधी.